शिक्केवाले काका

काकांना "अमुक वस्तू कुठे आहे?" असं विचारलेलं खपत नसे. त्यांचं उत्तर ठरलेलं. "खंय आसा ता विचारू नको. काय होया ता सांग." मी "काका, पक्कड कुठाय?" म्हटलं की ते ऐकू न आल्यासारखं करत. "काका, पक्कड हवी होती" म्हटलं की टेबलावरच्या ढिगाऱ्यातून ती बाहेर येई. त्या ढिगाऱ्यातल्या प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा असे आणि त्यावर निळ्या शाईत, शाळामास्तराला शोभेल अशा अक्षरात त्या वस्तूचं नाव. पक्कडीवर 'पक्कड'. चहाच्या कपावर 'कप, माझा'. स्कूटरच्या हँडलवर 'स्कूटर'. हॉस्पिटलातल्या नर्सेस आधी त्यांच्या पाठीमागे त्यांना 'शिक्केवाले काका' म्हणायच्या, मग तोंडावर म्हणायला लागल्या. काकांना त्यात वाईट वाटलं नाही. नाव बरोबर आहे, म्हणाले.

हॉस्पिटल कुडाळातलं, एका ट्रस्टचं. तळमजल्यावर ऑक्सिजन सिलिंडरांच्या खोलीला लागून आमचा संगणक विभाग होता. विभाग म्हणजे काका आणि मी. मी पंचविशीचा, नुकता शिकून आलेला आणि त्या मानाने फारच शहाणा. काका साठीच्या जवळचे. मुंबईत एका कंपनीत बरीच वर्षं मोठमोठे सर्व्हर सांभाळून गावाकडे परतलेले. लग्न केलं नव्हतं. मालवणच्या पुढे समुद्राकाठी विधवा बहिणीच्या घरी राहायचे आणि रोज स्कूटरवरून कुडाळला यायचे. पगार विचाराल तर मुंबईत त्यांच्या हाताखालच्या माणसांना याहून जास्त मिळत असेल.

त्यांच्याबद्दल लिहायचं तर एक गोष्ट सांगावीच लागेल. ती मी इतकी वर्षं टाळली, कारण ती जितकी त्यांची आहे तितकीच माझी आहे, आणि माझी बाजू घाण आहे. आमच्या चुकीने एका बाईच्या मनातलं दुखणं गावभर झालं. ती चूक कोणाची हे तिला कळायला हवं होतं.

आधी काकांचं वेड समजावून सांगतो. संगणकाच्या पोटात कर्नल नावाचा कारभारी असतो. कुठलाही प्रोग्रॅम फाइल मागायला आला की द्यायची की नाही, ते तो ठरवतो. ठरवायच्या दोन रीती आहेत. एक पत्त्यावरून. म्हणजे अमुक वाटेने गेल्यावर अमुक फोल्डरात जे काही सापडेल, ते या प्रोग्रॅमला द्यायचं नाही. दुसरी शिक्क्यावरून. फाइलीच्या अंगावरच एक न दिसणारा शिक्का मारून ठेवायचा. मग ती कुठेही हलवा, तिला दुसरं नाव द्या, कारभारी पत्ता बघणार नाही, शिक्का बघणार. काका दुसऱ्या रीतीचे. नुसते बाजूचे नव्हेत, भक्तच म्हणा. मानसोपचाराच्या ओपीडीतल्या प्रत्येक कागदावर त्यांनी असा शिक्का मारला होता, आणि डॉक्टरांच्या प्रोग्रॅमशिवाय तो कागद कोणालाच उघडत नसे.

"आपल्याकडे तापाची गोळी घेतली तर लोक विचारपूस करतत," ते म्हणायचे. "मनाची गोळी घेतली काय वाट सोडून चलतत. म्हणान ह्या कागदांक जपूचा."

पत्त्याची रीत त्यांना का नको, हे मी एकदा विचारलं तेव्हा त्यांनी गोव्याच्या हद्दीवरच्या इन्सुलीच्या तपासणी नाक्याचं उदाहरण दिलं. "नाको रस्त्यार बसता. गाडी दुसऱ्या वाटेन गेली तर नाक्याक काय ठावक?" आणि शिक्का म्हणजे काय हे सांगायला देवराईची गोष्ट. एका पावसाळ्यात ओढ्याला पूर आला आणि वरच्या देवराईतला एक मोठा ओंडका वाहून त्यांच्या माडाच्या बागेत येऊन पडला. घरात सरपणाची ओढ होती. तरी त्यांच्या बहिणीने, आक्काने, त्याला हात लावला नाही. तो तिथेच कुजला. "लाकूड आमच्या बागेत इला म्हणान आमचा झाला नाय. ता देवाचाच रवला. ह्याका म्हणतत शिक्को." हे सांगताना त्यांचे डोळे असे चमकायचे की वाटावं, कर्नल लिहिणारे लोक आक्काकडेच शिकवणीला येऊन गेलेत.

आक्का मात्र पक्की पत्तेवाली. हे मला त्यांच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा कळलं. काकांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिकटपट्ट्या लावल्या होत्या, 'हळद', 'तिरफळां', 'कुळथाची पिठी', आणि आता नाव आहे तर जागेचं काय, म्हणून वापरलेला डबा ते हाताला येईल तिथे ठेवून देत. आक्का जन्मभर मीठ दुसऱ्या फळीवर डावीकडून तिसरं, अशी जगलेली. तिला डोळे मिटून स्वयंपाक येई. त्या संध्याकाळी बांगड्याचं तिकलं, म्हणजे तिखट कालवण, चुलीवर होतं आणि वीज गेली. काळोखात आक्काने सवयीने हात घातला आणि मिठाच्या जागी साखर टाकली.

"शिरा पडो तुझ्या त्या चिकटपट्ट्यांर!" ती ओरडली. "वाच आता काळोखात, बघूया!"

काका हसले नाहीत. मेणबत्ती पेटवून गंभीरपणे मला म्हणाले, "हिचाय बरोबर आसा. पण कधी? घरात दुसरा कोण डबे हलवणा नाय तवसर." आम्ही ते गोड तिकलं मुकाट्याने खाल्लं. आक्का मात्र भात-लोणच्यावर जेवली.

शिक्क्यांचा ताप हॉस्पिटलात सगळ्यांना होता, हेही खरं. स्कॅनरच्या फोल्डरातून कोणी एक्स-रे उचलून वॉर्डाच्या फोल्डरात हलवला की त्याच्या अंगावर स्कॅनरचाच शिक्का राही आणि वॉर्डात तो उघडत नसे. नक्कल केली तर मात्र नव्या फोल्डराचा शिक्का बसे. काकांनी मोठ्या अक्षरांत पाटी लावली, 'फाइल हलवू नये. नक्कल करावी.' ती पाटी वाचून बाहेर बसलेले पेशंट आपापल्या फाइली छातीशी धरून बसायचे. मानसोपचाराचे कागद मात्र नक्कल करायला आधी उघडावे लागत, आणि ते डॉक्टरांशिवाय कोणालाच उघडत नसत. डॉक्टर ओरडायचे, मी धावत जाऊन शिक्के बदलायचो, आणि काका शांतपणे म्हणायचे, "अडलाहा म्हंजे काम करताहा."

एकदा अपघाताच्या पेशंटचा एक्स-रे वीस मिनिटं उघडला नाही. पेशंट वाचला, पण व्यवस्थापकांनी आम्हाला वर बोलावलं. "काका, तुमची सुरक्षा पेशंटच्या जिवावर उठली आहे. हे बंद करा." काकांनी वाद घातला. थोडा हट्टही केला. व्यवस्थापक म्हणाले, निदान नुसतं नोंद ठेवणारं करा, अडवणारं नको. काका म्हणाले, "बघून न अडवणारा राखणदार ठेवण्यापेक्षा राखणदारच नको." तेव्हा मी तोंड उघडलं. म्हणालो, साहेब, पत्त्यावरून चालणारी पद्धत आहे, सोपी आहे, मी आठ दिवसांत बसवतो. मानसोपचाराच्या फोल्डराला कुलूप, बाकी सगळं मोकळं. व्यवस्थापकांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता विभागप्रमुख मीच. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं मला.

जिन्यात काका एवढंच म्हणाले, "तू दाराक कुलूप घालतंस. फाइलीक नाय. उद्या कोणी तेका दुसरा दार काढल्यान तर?"

"कोण काढणार काका? इथे आपण दोघंच तर आहोत."

नवी पद्धत मी आठ नाही, पाच दिवसांत बसवली. डॉक्टर खूश. व्यवस्थापक खूश. काका त्यानंतरही रोज वेळेवर यायचे, प्रिंटर दुरुस्त करायचे, केबलींवर नावं लिहायचे. मी केलेल्या कामाबद्दल त्यांनी कधी टोमणा मारला नाही. मला वाटायचं, म्हाताऱ्याने हार मानली.

दुसरं दार मीच काढलं. सर्व्हरवर जागा कमी पडत होती आणि जुन्या कागदांची रोज एक प्रत तर हवी होती. म्हणून मी एक युक्ती केली. रोज पहाटे आपोआप सगळ्या फाइलींना दुसऱ्या एका फोल्डरात दुसरं नाव पडायचं. प्रत नव्हे, फाइल तीच, नुसतं आणखी एक नाव. जागा शून्य. मला या युक्तीचा इतका अभिमान होता की ती कोणाला सांगू असं झालं होतं. कुलूप मात्र पहिल्या फोल्डराच्या वाटेवर होतं. या दुसऱ्या फोल्डराचं नाव कारभाऱ्याच्या यादीत कुठेच नव्हतं. शिक्के असते तर याही नावाने गेल्यावर तीच फाइल, तोच शिक्का, आणि दार बंद. पण शिक्के आम्ही पुसले होते. जुने कागद शोधायची सोय म्हणून नावनोंदणीच्या काउंटरवरच्या प्रोग्रॅमला तो फोल्डर मीच जोडून दिला.

मग एक दिवस दुपारी, काउंटरवरची माणसं जेवायला गेलेली असताना, मी त्यांच्या मशीनवर बसलो. युक्ती चालते का बघायचं होतं. एक साधं, कोणाचंही असेल असं नाव टाकलं. यादी आली. त्यातली एक फाइल उघडली आणि ती लगेच उघडली. मला आनंद झाला! चाललं! फाइल मानसोपचाराची होती, काउंटरवरून ती उघडता कामा नये, हे डोळ्यांसमोर असून मला दिसलं नाही. हे आमच्या धंद्यातलंच आंधळेपण. जे उघडायला हवं ते उघडलं की आम्ही टाळी देतो. उघडायला नको ते उघडलं की घाबरायला हवं, ही अक्कल काकांना होती, मला नव्हती.

आणि मी ती वाचली. सगळी वाचली. पिंगुळीच्या पलीकडल्या एका शाळेत शिकवणारी बाई होती ती. सकाळच्या एसटीत मी तिला बघायचो. आई गेल्यापासून झोप नाही, वर्गात फळ्याकडे तोंड करून रडू येतं, एकदा विहिरीच्या काठावर बराच वेळ बसून परत आले, असं डॉक्टरांनी तिच्याच शब्दांत लिहिलं होतं. शेवटची ओळ वाचतोय तोच ऑपरेशन थिएटरमधून फोन आला, तिथलं मशीन बंद पडलंय. मी उठून धावलो. फाइल तशीच उघडी राहिली.

काउंटरवर तीन जण एकाच लॉगिनने बसत. कोणी वाचलं, कोणी कोणाला सांगितलं, मला माहीत नाही. पंधरा दिवसांत शाळेतल्या पालकांनी हेडमास्तरांना गाठलं. विहिरीच्या काठावर बसणारी बाई आमच्या पोरांना नको. बाईंना रजेवर जायला सांगण्यात आलं. त्यांचे वडील हॉस्पिटलात येऊन व्यवस्थापकांच्या खोलीत मोठमोठ्याने रडले, तेव्हा आम्हाला कळलं.

काकांनी त्याच दुपारी नोंदी काढल्या. मी शेजारी उभा होतो. माझं दुसरं दार त्यांनी बंद केलं, आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, "चल. तिच्याकडे जावया." व्यवस्थापकांनी अशी कबुली द्यायची नाही असं बजावलं होतं. काकांनी ऐकलं नाही.

ती अंगणात बसली होती. सुपात काहीतरी निवडत होती. काका एरवी व्यवस्थापकांपुढेसुद्धा खुर्चीची वाट न बघता बसणारे. तिच्यापुढे मात्र उभेच राहिले आणि ऑफिसातल्यासारख्या प्रमाण मराठीत बोलले. "तुमचा कागद सांभाळायची जबाबदारी माझी होती. मी ती पार पाडली नाही. माफी मागायला आलोय."

तिने निवडणं थांबवलं. "मला एकच सांगा," ती म्हणाली. "उघडला कोणी?"

काकांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं नाही. म्हणजे मुद्दाम बघितलं नाही. "ते कळत नाही. नोंदीत फक्त काउंटरचं नाव येतं. माणसाचं येत नाही."

"म्हणजे मी आता सगळ्यांकडे तसंच बघायचं?" तिचा आवाज फुटला. "दुकानात, एसटीत, जो भेटात तेका मनात विचारायचा, तू वाचलंस काय रे? एक नाव कळला असता तर बाकीचे तरी सुटले असते माझ्या मनातून."

काका मान खाली घालून उभे होते. मी तिच्या सुपाकडे बघत होतो. कुळीथ होते.

परत येताना काकांनी पुलाच्या अलीकडे स्कूटर थांबवली. मी मागे बसलेलो. त्यांनी मान वळवली नाही.

"खोटा बोललंय मी," ते म्हणाले. "त्या दिवशी फाइल उघडली तेवा, पावणेदोनाक, काउंटरची तिघांय जेवूक होती. हजेरीच्या अंगठ्याच्या मशीनीत आसा तसा. तू खंय होतंस ता मी विचारूचंय नाय. काय केलंस ता माका कळला."

मी रडायला लागलो. म्हणालो, काका, मुद्दाम नाही केलं. चुकून उघडी राहिली.

"उघडी चुकून रवली. वाचलंस ता?"

मी म्हणालो, वाचली ती चुकून नाही.

"तुका वाचवूक खोटा बोललंय असा समजू नको. माझ्या हाताखालचो माणूस असा करता, ह्या माझ्या तोंडातसून भायर येयना. माझी लाज होती ती." मग म्हणाले, "तू जावन तिका सांग. मी सांगूचंय नाय. तुझा तू सांग. मगे ती एका माणसार रागावात, बाकीच्यांका सोडीत."

मी सांगतो म्हणालो. मनापासून म्हणालो होतो.

काकांनी त्याच महिन्यात राजीनामा दिला. हॉस्पिटलात सगळ्यांची समजूत झाली की चूक त्यांचीच होती, आणि मी ती समजूत दुरुस्त केली नाही. मला खरंच विभागप्रमुख केलं. मी शनिवारी मालवणला त्यांना भेटायला जायचो. ते जेवायला वाढायचे, समुद्राच्या, माशांच्या गोष्टी काढायचे, आणि निघताना फाटकापाशी विचारायचे, "सांगलंस?" मी म्हणायचो, या आठवड्यात जातो. कधी म्हणायचो, ती घरी नव्हती. हे तर साफ खोटं. दोन-तीन महिन्यांनी मी शनिवारी जायचं बंद केलं. फोन आला तर कामात आहे म्हणायचो. मग फोनही येईनासे झाले.

दोन वर्षांपूर्वी ते गेले. सकाळी उठलेच नाहीत. मला तिसऱ्या दिवशी कळलं. तेराव्याला गेलो तर आक्का स्वयंपाकघरात एकटी बसली होती. डबे धुऊन पुन्हा तिच्या जागी लागले होते. एकावरही चिकटपट्टी नव्हती. मला बघून ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "तुझी वाट बघी हो तो," एवढंच म्हणाली. "शनिवारी फाटकाकडे जावन उभो रवी." मी तिथे जेवलो आणि निघालो.

या मार्चमध्ये कुडाळच्या आठवडी बाजारात ती बाई भेटली. मी चुकवायला गेलो, पण तिने ओळखलं. "तुम्ही त्या काकांबरोबर आला होता ना?" आता ती सावंतवाडीकडच्या एका शाळेत आहे, रोज जाऊन येऊन करते. काका गेल्याचं मी सांगितलं. तिने हातातली पिशवी खाली ठेवली.

"फार सरळ माणूस," ती म्हणाली. "हॉस्पिटलातून कोणी साधा फोनसुद्धा केला नाही. तुम्ही दोघं घरी आलात. मला अजून, खरं सांगते, कोणाशीही बोलताना आधी मनात येतं, ह्याने वाचलं असेल का. नव्या शाळेतसुद्धा. या बाजारातसुद्धा. तुम्ही दोघंच असे, ज्यांच्याशी बोलताना तसं काही येत नाही. ते तर गेले. आता तुम्ही एकटेच."

सांगायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. माझ्या तोंडाशी आलंही होतं. मी म्हणालो, "यंदा ऊन फार आहे."

"हो ना," ती म्हणाली, आणि पिशवीतून ओल्या काजूगरांची एक पुडी काढून माझ्या हातात ठेवली. "घेवा. घरचे आसत."

मी घेतली. घरी बायकोने त्यांची उसळ केली. फार चांगली झाली होती, सगळ्यांनी चाटून-पुसून खाल्ली, आणि मीही दोनदा मागून घेतली.